दातेरी डेनारियस की पूर्वेकडचा सेव्हेरस?

रोमन चांदीची नाणी, म्हणजे डेनारियस, गोळा करायला लागून दोन-तीन वर्षं झाली की सम्राटांची रांग लावण्यातली मजा ओसरते. ऑगस्टस झाला, टायबेरियस झाला, ट्रेजन-हेड्रियन झाले. मग नजर प्रकारभेदांकडे वळते. म्हणजे चित्र तेच, नाव तेच, पण एक खूण किंवा एक अक्षर वेगळं. तिथे पोचल्यावर मी दोन वाटा चाललो. एक, प्रजासत्ताकाच्या काळातली दातेरी कडांची नाणी: टाकसाळीचे अधिकारी लुसियस पॅपियसची इ.स.पू. ७९ मधली आणि लुसियस रॉसियस फॅबॅटसची त्यानंतरची. दुसरी, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. १९३-९४ मध्ये गादीचा दुसरा दावेदार पेसेनियस नायगर याच्याशी झुंजताना पूर्वेकडच्या टाकसाळींत पाडलेली. तुम्ही आत्ता याच तिठ्यावर उभे असाल तर माझा अनुभव ऐका. तुमची आवड निराळी असू शकते, हे धरूनच सांगतोय.

आधी सेव्हेरसच्या बाजूने बोलतो, कारण सुरुवात मी त्याच्यापासून केली. स्वस्त पडतो. माझे पहिले चार मिळून जेवढ्याला आले तेवढ्यात एकच बरा पॅपियस येतो. चांदी हिणकस आहे हे खरं. १९४ च्या सुमारास त्याने रोमच्या टाकसाळीतलाही चांदीचा अंश निम्म्याच्या आसपास आणला. पण या पूर्वेकडच्या नाण्यांना एक घाईचा, युद्धाच्या धामधुमीचा चेहरा आहे. कोरक्यांना लॅटिन नीट येत नसावं. समोरच्या बाजूला लेखाच्या शेवटी कॉन्सलपदाचा (रोमच्या सर्वोच्च पदाचा) आणि ते दुसऱ्यांदा मिळाल्याचा उल्लेख असतो: कुठे सी-ओ-एस ही तिन्ही अक्षरं, कुठे दोनच, कुठे एकच, दोनाचा आकडा कधी आधी, कधी नंतर, आणि कधी दोनाच्या जागी चक्क एक. मागे भाग्यदेवी फॉर्च्युना उभी, नाहीतर हातात फूल घेतलेली आशादेवी. लेख आणि चित्र यांची अदलाबदल इतकी, की दर महिन्याला काहीतरी नवीन हाताला लागतं. पहिलं वर्षभर ते फार सुखाचं वाटतं.

पण या ‘नवीन’चीच मला चीड आली. या नाण्यांसाठी आपण सगळे ज्या जुन्या सूचीवर विसंबतो तो खंड १९३६ चा आहे, आणि त्यानंतर जमिनीतून निघालेल्या नाण्यांनी तो कधीच मागे टाकलाय. त्यामुळे विक्रेत्याने ‘सूचीत नाही’ लिहिणं खोटं नसतं. त्याला अर्थ मात्र उरत नाही. एकदा एका लिलावात ‘बहुधा अप्रकाशित’ म्हणून मी ईर्ष्येने बोली चढवत नेली आणि नेहमीच्या तिप्पट पैसे मोजले. पुढच्या चार महिन्यांत त्याच साच्यातली तीन भावंडं बाजारात आली. एकाची नाकाजवळची भेग तर थेट माझ्याच नाण्याची. फसवलं कुणी नव्हतं. माझ्याकडे मोजपट्टीच नव्हती. एकूण प्रकार किती, यातला विरळा कोणता, आणि हे अक्षर मुद्दाम असं आहे की कोरक्याची डुलकी, यातलं काहीच छातीठोक सांगता येत नाही. टाकसाळीला आपण एमेसा (सीरियातलं शहर) म्हणतो, तेही बऱ्याच अंशी तर्कानेच.

आता दातेरी. पॅपियसच्या नाण्यावर समोर बकऱ्याचं कातडं डोक्यावर ओढलेली देवी जूनो सॉस्पिटा, मागे धावता ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी. रॉसियसवर तीच जूनो, आणि मागे सापाला खाऊ घालणारी मुलगी. रोमजवळच्या लॅन्युव्हियम गावच्या देवळातला तो विधी, मुलगी कुमारी असेल तर साप खाणार आणि पीक चांगलं येणार. चित्रं शेवटपर्यंत हीच. बदलतात त्या खुणा: देवीच्या डोक्यामागे एक, मागच्या बाजूला दुसरी. हत्यारं, भांडी, पक्षी, चपला, रोजच्या घरातल्या वस्तू. दोन खुणांची जोडी ठरलेली आणि एक जोडी म्हणजे साच्यांची एकच जोडी. पॅपियसच्या अशा दोनशेहून अधिक जोड्या ठाऊक आहेत आणि नाणेअभ्यासक क्रॉफर्डच्या १९७४ च्या ग्रंथात त्यांची बारीक बारीक चित्रं ओळीने दिली आहेत.

यातही वैताग आहे. चकती लहान, साचा मोठा, ठोका कलला की खूण नाण्याबाहेर. वर कडेच्या खाचा नेमक्या तिथेच खोल गेलेल्या. म्हणजे ज्या चिन्हासाठी पैसे द्यायचे तेच अर्धं गायब. इथे दक्षिण जर्मनीतल्या एका नाणेबाजारात मला असाच एक पॅपियस मिळाला. देवीच्या मागे कसलातरी अर्धा दांडा, बाकी खाचेत गेलेला. विक्रेत्याने नुसतं ‘खूण अस्पष्ट’ लिहून किंमत पाडली होती. ग्रिफिनखालची खूण मात्र पूर्ण होती. घरी येऊन भिंग घेतलं, चित्रांच्या ओळींवरून बोट फिरवलं, मागची खूण सापडली, आणि तिच्या शेजारी तोच दांडा, पूर्ण वस्तूसकट. ते हत्यार नक्की कशाचं, हे मला अजून कळलेलं नाही. पण जोडी कोणती, याबद्दल शंका उरली नाही. सेव्हेरसने मला असं समाधान एकदाही दिलं नाही.

याच जोड्यांचा आणखी एक उपयोग आहे. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा अशी त्या काळची बनावट नाणी दातेरीतही निघतात. कडेच्या खाचा त्यांना अडवू शकल्या नाहीत. समोरची खूण एका जोडीची आणि मागची भलत्याच जोडीची दिसली, की आधी वजन करावं. चांगल्या डेनारियसचं वजन ३.९ ग्रॅमच्या आसपास असतं. तीनच्या खाली काटा थांबला तर मी पुढे जातो. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की जर्मन लोकांना जुनी, ओळखीची नाणी पसंत असत, त्यांत दातेरीही. इथे राहून मलाही तीच खोड लागली म्हणा.

अर्थात, खिसा बेताचा असेल आणि रोज काहीतरी नवीन बघायची हौस असेल तर सेव्हेरस वाईट नाही. दातेरीचा संच पुरा होणार नाही हेही आत्ताच मान्य करून टाका. सात वर्षांत माझ्या एकोणीस जोड्या झाल्या आहेत. आणि पुढे नाणी भारतात नेण्याचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी वाचा. शंभर वर्षांवरचं नाणं तिथे पुरावस्तू ठरतं, आणि एकदा आत गेलं की खाजगी माणसाला ते परत बाहेर काढता येत नाही.

सेव्हेरस मी हळूहळू विकले. एक ठेवलाय. त्यावर फॉर्च्युनाच्या नावातलं एन अक्षर उलटं कोरलंय, आणि ते सूचीत आहे की नाही हे मी मुद्दामच पाहिलेलं नाही.