पद्मिनीच्या बॉनेटखाली कोणता सिलिंडर?

जुन्या गाडीच्या बॉनेटखाली आग लागायला फार काही लागत नाही. ॲम्बॅसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका धूर बाहेर नेणारा, तापणारा लोखंडी भाग) एकाच बाजूला असतात. आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, अडकून कार्ब्युरेटर वाहायला लागला, तर पेट्रोल सरळ तापलेल्या लोखंडावर ठिबकतं. त्यात हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबरी पाइपांना ते मानवत नाही, पाइप फुगतात, मऊ पडतात, चिरतात. म्हणून आग विझवायच्या सिलिंडरची चौकशी करण्याआधी पाइप आणि क्लिपा नव्या करा. तेवढं झालं असेल तरच पुढचं वाचा.

पहिला पर्याय सगळ्यांच्या ओळखीचा: सीटखाली एक किलोचा एबीसी पावडरचा लाल सिलिंडर. स्वस्त, कुठेही मिळणारा, आणि पेट्रोलच्या आगीवर खरोखर चालणारा. अडचण बॉनेटची आहे. धूर दिसला की माणूस धावत जाऊन बॉनेट सताड उघडतो, आत हवा घुसते आणि ज्वाळा तोंडावर येते. बॉनेट दोन बोटं उचलून फटीतून फवारायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या क्षणी आठवत कोणाला नाही. एका मित्राच्या फियाटची आग अशाच पावडरने विझली, पण ती पिवळसर भुकटी कानाकोपऱ्यातून काढायला मिस्त्रीला दोन दिवस लागले. या पावडरीत अमोनियम फॉस्फेट असतं. दमट हवेत ते आम्लधर्मी होतं आणि ॲल्युमिनियमचं हेड खायला लागतं. मुंबई-कोकणात राहत असाल तर हे लक्षात ठेवा.

दुसरा पर्याय रेसिंगच्या गाड्यांतून आलेला: सिलिंडर केबिनमध्ये, नोझल इंजिनपाशी, आणि ड्रायव्हरने दांडा ओढला की फेस सुटतो. बॉनेट उघडायची गरजच नाही. पाण्यात मिसळलेला हा फेस पेट्रोलवर पातळ थर धरतो, लोखंड थंड करतो, त्यामुळे आग पुन्हा भडकायची शक्यता कमी. आग विझवण्याच्या बाबतीत माझ्या मते हाच सगळ्यात भरवशाचा. पण तो वजनाला जड, जागा खाणारा, आणि मुख्य म्हणजे दांडा ओढायला कोणीतरी गाडीत हवं. इंजिन चालू ठेवून तुम्ही चहाच्या टपरीवर उभे असाल तर त्याचा उपयोग शून्य.

तिसरा पर्याय आपोआप सुटणारा. बॉनेटखाली सिलिंडरला जोडलेली, दाबाने भरलेली प्लास्टिकची नळी फिरवलेली असते. जिथे आच सगळ्यात जास्त लागते तिथेच ती फुटते आणि त्याच भोकातून औषध आगीवर पडतं. बॅटरी नको, सेन्सर नको, वायरिंग जळून गेलं तरी फरक पडत नाही. याच तत्त्वाच्या नळ्या बसगाड्यांच्या इंजिनकप्प्यातही वापरतात. बससाठी आपल्याकडे एआयएस-१३५ हे मानक आहे, त्यामुळे बसवून देणारे लोक इथेही आहेत.

या नळीच्या सिलिंडरमध्ये पावडर, फेस किंवा 'क्लीन एजंट' भरता येतो. क्लीन एजंट म्हणजे एफएम-२०० किंवा एफके-५-१-१२ असे आग विझवणारे वायू. दोन्ही मागे काहीच उरवत नाहीत, वीज वाहू देत नाहीत, रंगाला धक्का लावत नाहीत. एफएम-२०० पृथ्वीचं वातावरण फार तापवतो, त्यामुळे त्याचा वापर जगभर कमी होत चाललाय. नवं घेत असाल तर दुसरा. मात्र एक खोट आहे: जुन्या गाडीचा इंजिनकप्पा खालून उघडाच असतो. गाडी पळत असेल, पंखा फिरत असेल, तर हा वायू क्षणात वाहून जातो. लोखंड तापलेलं आणि पेट्रोल चालूच, म्हणजे आग परत पेटू शकते.

इथे पेट्रोल पंपाचा प्रश्न येतो. मूळचा यांत्रिक पंप इंजिन बंद पडलं की थांबतो. पण अनेकांनी इलेक्ट्रिक पंप बसवलेत, आणि तो चावी बंद होईपर्यंत आगीत तेल ओतत राहतो. नळीचा दाब पडताच पंपाची वीज तुटेल असा प्रेशर स्विच जोडून मागा. विकणारे आपणहून तो सुचवतीलच असं नाही.

माझा कौल असा. गाडी घरी उभी असते, रविवारी आणि रॅलीला निघते, रंग मूळचा आहे: नळी आणि क्लीन एजंट. इलेक्ट्रिक पंप, मोठे कार्ब्युरेटर, घाटात जोरात चालवण्याची हौस: फेसवाली, हाताने ओढायची आणि सोबत आपोआप सुटणारी अशी दुहेरी. आणि बजेट तेवढ्यात बसत नसेल तर पावडरचा सिलिंडर ठेवाच, डिकीत नाही, ड्रायव्हरच्या हाताशी.

नळी बसवताना ती कार्ब्युरेटर आणि पेट्रोल पंपाच्या वरून न्या, मॅनिफोल्डपासून लांब. मे महिन्यात गाडी थांबवल्यावर बॉनेटखालची उष्णता आणखी वाढते, तेव्हा किती अंशाला फुटणारी नळी देताय ते आधी विचारून घ्या. वर्षानुवर्षं तिचा दाब हळूहळू उतरतोही. म्हणून सिलिंडरचा गेज बॉनेट न उघडता दिसेल अशा जागी लावायला सांगा.