एच अँड एन फिनाले मॅच : डबा उत्तम, निवड मात्र आपल्याच हातांनी

माझी मुलगी कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफलचा सराव करते आणि गेल्या चार महिन्यांत तिच्यासाठी या जर्मन पेलेट्सचे (एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांचे) सहा डबे आणले. पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळवणारा आपला स्वप्निल कुसाळे ५० मीटरवर जी .२२ ची रिमफायर काडतुसे (ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असलेली) वापरतो, ती कारखान्यातून येतात तशीच झाडावी लागतात; परदेशातील हौशी नेमबाज सेंटरफायर (मसाला बुडाच्या मध्यभागी असलेल्या) काडतुसाचे रिकामे पितळी कवच साफ करून, मापात दाबून, तोंडाची धार घासून त्यात नवी गोळी बसवतात, तशी सोय रिमफायरला नाही. एअर रायफलला तर कवचच नसते, त्यामुळे जी काही पूर्वतयारी करायची ती शिशाच्या पेलेटचीच.

डब्यात ५०० नग असतात. डोक्याचे व्यास ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर असे वेगवेगळे मिळतात आणि आपल्या नळीला कोणता मानवतो हे रायफल पक्की बसवून, प्रत्येकाचे गट पाडून (एकाच जागी नेम धरून झाडलेले पेलेट किती जवळजवळ पडतात ते) पाहिल्याशिवाय कळत नाही, आम्हाला ४.५० लाभला. दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असल्यामुळे हा खटाटोप वाया जात नाही.

खरी मेख पेलेटच्या मागच्या पोकळ घेरात आहे. हवेच्या दाबाने तो फुलून नळीला घट्ट बसतो, पण एका बाजूला चेपलेला असेल तर नळीच्या तोंडाशी हवा वाकडी निसटते आणि पेलेट डगमगतो. ओळखीच्या दुकानातून हातोहात आणलेल्या चार डब्यांत असे नग क्वचितच निघाले. कुरिअरने मागवलेल्या दोन डब्यांत मात्र पुष्कळ निघाले, कारण पाठवणाऱ्याने डब्याभोवती कागदाचा एक बोळासुद्धा घातला नव्हता. हा दोष मी कंपनीच्या माथी मारणार नाही. आता प्रत्येक पेलेट काचेवर लोळवून, डगमगणारा बाजूला काढतो. गुजरीतल्या सराफाच्या काट्यावर पन्नास नग तोलूनही पाहिले (सराफाला हसू आवरेना), सगळे ०.५३ ग्रॅमच्या आसपास भरले; त्यामुळे वजनाची चाळणी करण्यात वेळ घालवणे मला अनावश्यक वाटते.

रायफलच्या खोबणीत पेलेट ठेवताना नखाने दाबले तरी मऊ शिसे चेपते, हे मुलीला चार वेळा सांगावे लागले. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याच्या डब्याला हात लावायचा नाही, हे मात्र तिने पहिल्याच दिवशी ऐकले. पुढचे डबे दुकानातूनच आणणार आहे.