संध्याकाळी सात वाजता सेकंडहँड कॅमेरा घेऊ नका, मी घेतला

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, कारण यात शहाणपणा कमी आणि माझा बावळटपणाच जास्त दिसतो. पण परवा ऑफिसातला एक जण सेम प्रकारच्या डीलला निघालेला, त्याला थांबवला आणि मग म्हटलं लिहूनच टाकू.

मी ठाण्यात, वर्तकनगरला राहतो. फोटोग्राफी म्हणजे सह्याद्रीतली भटकंती आणि तिथले लँडस्केप, बाकी लग्नं वाढदिवस काही करत नाही. आधीचा डीएसएलआर दहा वर्षं जुना, म्हणून फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (फोटो टिपणारा भाग) आणि आत आरसा नसलेला कॅमेरा घ्यायचा ठरवलं. नवीन परवडत नव्हता. खूप वाचून निकॉनचा झेड ५ पक्का केला. २०२० चं मॉडेल, २४ मेगापिक्सेल, हात हलला तरी फोटो सांभाळणारं स्टॅबिलायझेशन बॉडीतच, एसडी कार्डाचे दोन स्लॉट, बॅटरी धरून पाऊण किलोच्या आतच. लोक त्याला नावं ठेवतात कारण सेकंदाला साडेचारच फ्रेम काढतो, आणि ४के व्हिडिओत फ्रेम बरीच क्रॉप होते. पण आपल्याला काय, कडा कुठे पळून चाललाय? उलट याच कारणाने सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतो.

एका क्लासिफाइड अ‍ॅपवर जाहिरात दिसली. बॉडी, २४-५० ची किट लेन्स, बॉक्स, बिल, "शटर फक्त ६ हजार, घरातच पडून होता" (म्हणजे आतापर्यंत तेवढेच फोटो काढलेत). किंमत ६८, घासाघीस करून ६४ हजार. माणूस बोलायला एकदम गोड, प्रत्येक वाक्याला सर. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर सॅम्पल फोटो पाठवले, मी म्हटलं असे नकोत, यात एक्झिफ (फोटोच्या फाईलमध्ये लपलेली कॅमेऱ्याची माहिती) उडून जातं, डॉक्युमेंट म्हणून ओरिजिनल फाईल पाठवा. तो म्हणाला वा सर, तुम्हाला कळतंय सगळं. (इथेच मी फुगलो.) फाईल आली, एक्झिफ उघडलं, शटर काउंट ६,२१४. मी खूश. लगेच पाच हजार टोकन पाठवलं.

भेटायचं वाशी स्टेशनजवळ ठरलं. मी म्हणत होतो रविवारी सकाळी, तर त्याला सकाळी जमत नव्हतं, शनिवारीही दुपारी नाही, संध्याकाळी सातच. मला तेव्हा काहीच खटकलं नाही, नोकरीवाला माणूस असेल म्हटलं. ट्रान्स हार्बर लोकलने गेलो. स्टेशनबाहेर एका हॉटेलात चहा मागवून टेबलावर बॉक्स उघडला. बॉक्सवरचा सिरियल नंबर बॉडीशी जुळवला, जुळला. बिलाची झेरॉक्स होती. लेन्स काढून मोबाईलचा टॉर्च मारून सेन्सर बघितला, स्वच्छ दिसला, म्हणजे पिवळ्या उजेडात जेवढं दिसतं तेवढं. मग बाहेर येऊन दुकानांच्या पाट्या, रिक्षा, त्याचाच चेहरा असे पंधरावीस फोटो काढले. झूम करून बघितले, एकदम शार्प. उरलेले ५९ हजार तिथेच यूपीआयने दिले आणि परतीच्या लोकलमध्ये पूर्णवेळ बॅग छातीशी धरून बसलो.

तीन आठवडे कॅमेरा घरातच. ऑक्टोबर अखेरीला खिरेश्वरवरून हरिश्चंद्रगड केला. कोकणकड्यावर त्या दिवशी आभाळ असं होतं की काय सांगू, खाली दरीत ढग आणि वर स्वच्छ तांबूस. ट्रायपॉड लावून एफ ११, एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक करून, धडाधड काढत सुटलो. घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर वर डाव्या कोपऱ्यापासून आतपर्यंत एक बारीक वाकडी रेघ, नखाने ओरखडल्यासारखी, आणि तिच्या बाजूला दोन ठिपके. आधी वाटलं लांबचं विमान गेलं असेल. पुढच्या फोटोत पण. त्याच्या पुढच्यात पण, तिथेच. आभाळ असलेल्या एकूण एक फोटोत ती रेघ, आणि चंद्रावर निघालेलं विमान इतका वेळ एका जागी थांबत नाही.

ब्लोअरने हवा मारली, कॅमेऱ्यातलं सेन्सर क्लीनिंग दहा वेळा चालवलं, ढिम्म. सर्व्हिस सेंटरला नेला तर तिथल्या माणसाने भिंगाखाली धरून दोन मिनिटांत सांगितलं की सेन्सरच्या पुढच्या काचेवर ओरखडा आहे, कोणीतरी चुकीचं स्वॅब (सेन्सर पुसायची काडी) घेऊन किंवा खडा असताना घासलंय. नुसती काच बदलून मिळणार नाही, पूर्ण युनिट, एस्टिमेट ३८ हजार.

मग प्रश्न पडला की वाशीला का नाही दिसलं. ते नीट सांगतो, कारण मला हे माहीत असतं तर पैसे वाचले असते. ओरखडा असतो वरच्या काचेवर, प्रत्यक्ष पिक्सेल त्याच्या थोडे आत. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं असलं, एफ ४ वगैरे, की प्रकाश रुंद कोनातून येतो आणि ओरखड्याची सावली पसरून विरून जाते. एफ १६ ला प्रकाश बारीक भोकातून येतो म्हणून सावली टोकदार पडते. संध्याकाळी उजेड कमी, कॅमेरा ऑटोवर, म्हणजे तो आपोआप एफ ४ वरच जाणार. वर समोर दुकानं, पाट्या, गर्दी, एवढ्या गोंधळात रेघ असली तरी लपते. ती दिसायला सपाट आभाळ लागतं. आणि सातला आभाळच नसतं ना. लग्नं काढणाऱ्याला हा कॅमेरा वर्षभर वापरून कदाचित कळणारही नाही, लँडस्केपवाल्याला पहिल्याच दिवशी.

तरी मला वाटत होतं की त्यालाही माहीत नसेल बिचाऱ्याला. म्हणून पुन्हा ती व्हॉट्सअ‍ॅपची फाईल उघडली. शटर काउंटच्या थोडं खाली, त्याच यादीत, सिरियल नंबर लिहिलेला होता. माझ्या बॉडीचा नंबर वेगळा. म्हणजे मॉडेल तेच पण फाईल दुसऱ्याच कॅमेऱ्याची! माझ्या कोकणकड्याच्या फोटोत काउंट बघितला, ७१ हजार आणि काही. हे सगळं पहिल्या दिवसापासून माझ्या फोनमध्ये पडलेलं होतं आणि मी फक्त ६,२१४ बघून नाचत होतो.

फोन केला तर सर वगैरे गायब. "तुम्हीच साफ करायला जाऊन वाट लावली असेल, तीन आठवड्यांनी कसलं सांगता." सिरियल नंबरचं विचारलं तर फोन कट, मग ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कॉल केला, त्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोलीस चौकीत पण गेलो. तिथले साहेब म्हणाले वस्तू तर मिळालीये ना तुम्हाला. मी फाईल, नंबर, चॅट सगळं दाखवलं तेव्हा अर्ज घेतला. चारशेवीस आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) ३१८ झालंय एवढी ज्ञानात भर पडली, पैशांचं अजून काही नाही.

तुम्ही घेणार असाल तर दिवसा भेटा, उघड्यावर. तो दिवसा येत नसेल तर तुम्हीही जाऊ नका. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते आपण ठरवतो तो मोड) एफ १६ किंवा २२, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवा, आभाळाकडे धरा आणि शटर चालू असताना कॅमेरा थोडा हलवा. ढग फरपटतील, सेन्सरवरची घाण जागची हलणार नाही. ठिपके दिसले तर घाबरू नका, मिररलेसला लेन्स काढली की समोर आरसा नसतो त्यामुळे धूळ बसतेच, ब्लोअरने जाते. रेघ दिसली तर चहा पिऊन घरी या. आणि काउंट त्याच्या फाईलवर बघू नका, स्वतःचं कार्ड घालून स्वतः फोटो काढा आणि त्याचं एक्झिफ बघा, सिरियल नंबरसकट. टोकन वगैरे तर अजिबात नाही.

कॅमेरा अजून माझ्याकडेच आहे. ओरखडा सांगून विकायचा म्हटला तर कोणी तीस हजारांच्या वर जात नाही, न सांगता विकणं मला जमणार नाही. एक जुगाड सापडलाय. फोटोत वर डावीकडे दिसणारी रेघ सेन्सरवर खाली असते, म्हणून कॅमेरा उलटा धरला की ती आभाळातून निघून खालच्या दगडगवतात जाते आणि शोधूनही सापडत नाही. गेल्या रविवारी येऊरला पहाटे असाच उलटा धरून काढत होतो. मॉर्निंग वॉकवाले एक काका बराच वेळ बघत उभे होते, शेवटी राहवलं नाही त्यांना, जवळ येऊन म्हणाले, "अहो, उलटा धरलाय तुम्ही."

म्हटलं, "हो काका, माहितीये."