गाणं ऐकायला केवढा कम्प्युटर लागतो? रास्पबेरी पाय ४ कसोटीवर

हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारीक नोंदीच्या, संगीतासाठी कम्प्युटर घ्यायला गेलं की बोलणं प्रोसेसरपासून सुरू होतं, आणि तिथंच गाडं चुकतं. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचं स्टीरिओ गाणं म्हणजे सेकंदाला साधारण ९.२ मेगाबिट. सीडीचं १.४. एवढं काम दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही झोपेत करेल. विचारायचं ते हे, की पंखा वाजतो का, फाइलमधले आकडे वाटेत न बदलता डॅकपर्यंत (आकड्यांचा आवाज करणाऱ्या उपकरणापर्यंत) पोचतात का आणि वीज जाऊन आली की यंत्र विनातक्रार उठतं का. या तिन्ही बाबतीत तळहाताएवढा, एकाच बोर्डावरचा कम्प्युटर रास्पबेरी पाय ४ बऱ्याच महागड्या यंत्रांना भारी पडतो. अडतो कुठे, ते पुढे येईलच.

२ जीबी रॅमचा पाय पुरतो, जास्तीच्या रॅमने आवाज तसूभरही बदलत नाही. जुना पाय ३ मात्र स्वस्तात मिळाला तरी टाळावा. त्यात लॅन आणि यूएसबी एकाच यूएसबी २ च्या वाटेवर कोंबलेले आहेत. नेटवर्कवरून गाणं त्याच वाटेने येतं आणि डॅककडे त्याच वाटेने जातं, म्हणून मोठ्या फाइलींना मध्येच ‘टिक’ ऐकू येतो. २०१९ च्या पाय ४ मध्ये लॅन वेगळं झालं. २०२३ चा पाय ५ वेगवान आहे, पण त्या वेगाचा इथे उपयोग नाही. उलट त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, नाहीतर यूएसबीला एकूण ६०० मिलिअँपिअरच सोडतो. पाय ४ वरचा हेडफोनचा जॅक विसरून जावा, त्याचा आवाज नोटिफिकेशनपुरताच.

डॅक दोन प्रकारे जोडता येतो. पायच्या ४० पिनांवर बसणारा, हॅट नावाचा बोर्ड किंवा बाहेरचा यूएसबी डॅक. हॅट घ्यायचा तर दोन स्वतंत्र ऑसिलेटर (घड्याळं) असलेला घ्यावा, हायफायबेरीच्या ‘प्रो’ मालिकेसारखा. ४४.१ किलोहर्ट्झ आणि त्याच्या पटींच्या घराण्याला एक, ४८ च्या घराण्याला दुसरा. कारण पायचं स्वतःचं घड्याळ संगीतासाठी बनवलेलंच नाही. यूएसबी डॅक असिंक्रोनस असेल तर तो स्वतःचं घड्याळ चालवतो, हा प्रश्नच मिटतो. आधीच चांगला यूएसबी डॅक घरात असेल तर हॅटवर पैसे घालू नयेत. डॅक काळ्या यूएसबी २ पोर्टात, डिस्क निळ्या यूएसबी ३ पोर्टात.

तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा अडॅप्टरमध्ये सापडतं. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर हवेत. मोबाइलच्या फास्ट चार्जरवर ३३ वॅट, ६५ वॅट छापलेलं असतं, पण ते वॅट व्होल्टेज चढवून मिळतात. पाय ५ व्होल्टच्या वर मागतच नाही, आणि ५ व्होल्टला असे कित्येक चार्जर २ अँपिअरच देतात. त्यातच पायचे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरची मर्यादा. अडीच इंची फिरती डिस्क सुरू होतानाच जवळपास तेवढं ओढते, आणि यूएसबीवरच चालणारा डॅक शेजारी असेल तर दोघांपैकी एक गळतो. मूळ अडॅप्टर घ्यावा आणि फिरती डिस्क स्वतःची वीज असलेल्या हबवर टाकावी. एसएसडी असेल तर सहसा हबही लागत नाही.

वायफाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवावं. यूएसबी ३ ची डिस्क आणि तिची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते, त्यामुळे डिस्क जोडली की वायफाय रडतं आणि खापर राउटरवर फुटतं. अॅल्युमिनियमची पेटी पाय थंड ठेवते, पण सिग्नलही अडवते. लॅनची केबल ओढता येत असेल तर ओढावी, विषय संपतो.

पायवर गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूड आणि व्होल्युमिओ दोन्ही चांगले. व्होल्युमिओ दिसायला देखणा, मूड पूर्ण मोफत आणि जास्त प्रामाणिक. त्याच्या ‘ऑडिओ इन्फो’ पडद्यावर फाइल किती किलोहर्ट्झची आणि बाहेर किती जातंय, हे दिसतं. दोन्ही आकडे सारखे नसतील तर रीसॅम्पलिंग (दर बदलणं) कुठेतरी चालू राहिलंय. रीसॅम्पलिंग बंद, नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करणं) बंद, आवाज कमी-जास्त अँप्लिफायरवरून. वीज वारंवार जाणाऱ्या गावात मात्र पायकोअरप्लेअर बघावा. तो रॅममध्ये चालतो, कार्डावर सतत लिहीत नाही, त्यामुळे अचानक वीज गेली तरी कार्ड बिघडण्याची भीती फार कमी.

तपासायला ड्रमची खणखणीत रेकॉर्डिंग लावू नयेत. ख्यालाच्या सुरुवातीचा, नुसता तानपुरा चालू असलेला तुकडा लावावा. अखंड सुरात बारीकसा खंडही लगेच कळतो. घरघर ऐकू आली तर ती बहुधा अर्थिंगच्या लूपची असते. पाय, डॅक आणि अँप्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन बघावं. विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकमध्ये असलेला अल्बमही लावून बघावा. मध्ये विराम आला तर गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता वाजणं) नीट बसलेलं नाही.

जागेचा हिशेब असा: २४/१९२ चं तासभर संगीत कच्चं ४.१ जीबी, फ्लॅकमध्ये (काही न गमावता आकसलेल्या फाइलीत) साधारण निम्मं. वेव्ह, म्हणजे कच्च्या, फाइली फ्लॅक कराव्यात. आवाज तोच राहतो, आणि राग-तालाची नावं देवनागरीत टॅगमध्ये नीट बसतात. आणि ७८ आरपीएमच्या तबकडीवरून केलेली ‘१९२’ ची आवृत्ती जास्त पैसे देऊन घेण्यात अर्थ नाही. त्या तबकडीत नव्हतं ते फाइलीत कुठून येणार?

आता पाय कुठे अडतो. अॅपल म्युझिकचं हाय-रेझ हेच मुख्य खाद्य असेल तर पाय घेऊ नये. त्याच्याकडे गाणं एअरप्ले या वायरलेस वाटेने येतं आणि १६ बिट, ४४.१ होऊन येतं. तिथे मॅक मिनीच बरा, फक्त ‘ऑडिओ मिडी सेटअप’ मधला दर गाण्याशी जुळतोय ना ते बघावं लागतं. रून या संगीत-संग्रहाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हरही पायवर चालत नाही. पाय त्याचा ब्रिज (सर्व्हरकडून आलेलं गाणं डॅककडे देणारा) होऊ शकतो, पण सर्व्हरला इंटेल किंवा एएमडीचं यंत्र, नाहीतर मॅक, आणि एसएसडी हवी. आणि घरात पडून असलेला विंडोज लॅपटॉपच वापरायचा असेल तर प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (डॅकशी थेट बोलण्याची विंडोजची वाट) निवडावं, नाहीतर विंडोजचा मिक्सर सगळं एकाच दराला आणून सोडतो. त्याच्या पंख्यावर मात्र सेटिंगमध्ये इलाज नाही. लांब यूएसबी केबल घेऊन, पाच मीटरच्या आत, लॅपटॉप कपाटाआड ठेवणं एवढंच हातात राहतं.