प्रेशर ग्राउलर, आठ महिन्यांनंतर: मुख्यतः एका ओ-रिंगबद्दल

परवा रात्री प्रेशर ग्राउलरचा, म्हणजे गॅसच्या दाबाखाली बिअर ताजी ठेवणाऱ्या भांड्याचा, नळ दाबला तर नुसतं फुस्स. दाबाचा काटा शून्यावर. आदल्याच दिवशी लावलेलं 16 ग्रॅमचं गॅसचं कार्ट्रिज रिकामं. शेवटी झाकण उघडून पिल्सनर ओतली, तर ती ग्लासात पडली साध्या पाण्यासारखी. फेस नाही, बुडबुडा नाही. दीड लिटर बिअर मी मोरीत ओतली आणि त्याच तिरमिरीत हे लिहायला बसलोय.

दोन लिटर, दुहेरी भिंतीचं स्टील, वर दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि नळ, असं हे यंत्र. मी तो घेतला निव्वळ चिकटपणापायी. वेगवेगळ्या क्राफ्ट बिअर चाखायच्या, पण एका बसणीत पाव-अर्ध्या लिटरपुढे जायचं नाही, हा माझा नियम. साध्या काचेच्या ग्राउलरचं झाकण एकदा उघडलं की दोन दिवसांत बिअर मरते. इथे वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब राहतो, हवा आत शिरत नाही, म्हणजे तीच बिअर आठवडाभर पुरवून पिता येते.

पहिले तीन महिने मी याचं कौतुक करून लोकांना पिडलं. हेझी आयपीए, म्हणजे गढूळ, फळांच्या वासाची बिअर, ही सगळ्यांत नाजूक जात. थोडा ऑक्सिजन लागला की रंग तपकिरी पडतो आणि फळांचा वास जाऊन ओला पुठ्ठा उरतो. भरण्याआधी आत गॅस मारून हवा काढली आणि नळी तळापर्यंत सोडून सावकाश भरलं, तर आठव्या दिवशीही तिचा पिवळा रंग शाबूत होता. शिवाय स्टील, म्हणजे उजेडाचा प्रश्नच नाही. पारदर्शक बाटलीत उन्हाने हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या) कडू द्रव्यांचं विघटन होऊन जो स्कंक या प्राण्यासारखा दर्प येतो, तो इथे येणं शक्य नाही.

मग ओ-रिंग. झाकण हवाबंद करणारी रबरी कडी, बांगडीएवढी, काळी. अख्ख्या यंत्रात सगळ्यांत क्षुल्लक वस्तू, आणि घोडं पेंड खातं ते तिथंच.

हिशेब सांगतो. 16 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे खोलीच्या तापमानाला साडेआठ लिटरच्या आसपास वायू. दोन लिटर बिअर 12 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) शेवटच्या थेंबापर्यंत ढकलायला त्यातला साडेतीन-चार लिटर लागावा. म्हणजे एका कार्ट्रिजमध्ये दोनदा ग्राउलर रिकामा व्हायला हवा. माझा चौथ्या महिन्यापासून एकदाही धड होईना. साबणाचं पाणी लावून पाहिलं, तर झाकणाच्या कडेला एकाच जागी बारीक बुडबुड्यांची रांग. रिंग तिथे चपटी झाली होती.

ग्राहक सेवेला लिहिलं. त्यांनी व्हिडिओ मागितला. पाठवला. मग म्हणाले, उजेडात काढा. बुडबुडे उजेडात काढले. तीन आठवड्यांनी रिंग आली ती नळाची, झाकणाची नव्हे. पुन्हा लिहिलं तर उत्तर आलं की तुमची तक्रार निकाली निघाली आहे. शेवटी व्हर्नियर घेऊन मापं काढली आणि फूड-ग्रेड सिलिकॉनच्या दोन रिंगा बाहेरून आणल्या. परवा फसलो तो माझ्याच आळसाने: जुनी काळी रिंगच ‘एवढ्या वेळी चालेल’ म्हणून बसवली होती.

या काळ्या रबराचा दुसरा गुन्हा म्हणजे वास धरून ठेवणं. कॉफी घातलेली स्टाउट (काळी, दाट बिअर) संपवली, ग्राउलर धुतला, पिल्सनर भरली. पहिल्याच घोटाला कॉफी. पिल्सनरला लपायला जागाच नसते. 1842 साली आजच्या चेकियातल्या प्लझेनमध्ये ती पहिल्यांदा निघाली तेव्हापासून तिची खासियत हीच, फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू), मऊ पाणी, साझ जातीचे हॉप्स, आडपडदा काही नाही. त्यामुळे दुसऱ्या कुणाचं पाप तिच्यात लगेच दिसतं. ब्रेट नावाच्या जंगली यीस्टची आंबट बिअर तर मी यात भरायचीच सोडली. ते यीस्ट फटीत बसलं की हलत नाही.

इथवर लिहून माझी चाखण्याची वही काढली, यंत्राविरुद्ध आणखी पुरावा मिळेल म्हणून. तिथे भलतंच निघालं. पाचव्या-सहाव्या महिन्यात मी चार बिअरना लागोपाठ झोडपलंय. ‘लोण्यासारखा वास’, ‘ब्रूअरीने घाई केली’, ‘किंचित आंबट, पैसे पाण्यात’. लोण्याचा वास म्हणजे डायअसेटिल. घाईत काढलेल्या बिअरमध्ये तो राहतो हे खरं, पण न धुतलेल्या नळात वाढणारे जिवाणूही तोच वास देतात आणि वर आंबटपणाही. चार वेगवेगळ्या ब्रूअरींची एकच चूक, ती माझ्याच घरी? आज नळ खोलला. आत पिवळट बुळबुळीत थर. आठ महिन्यांत मी टाकी दर वेळी घासली, आणि जिथून बिअर ग्लासात येते तो नळ एकदाही उघडला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्यामुळे तारे बदलतोय. दोन देणार होतो, साडेतीन देतो. उरलेला दीड रिंग आणि ग्राहक सेवेच्या नावे. आणि माहितीपुस्तिकेत नळ खोलण्याचं चित्र शेवटच्या पानावर, तेही नखाएवढं, याचा राग वेगळा.

घेणार असाल तर दाबाचं लक्षात ठेवा. 4 अंश सेल्सिअसला 12 पीएसआय बहुतेक लागर आणि आयपीएला बरोबर. स्टाउटला तेवढाच ठेवला तर चार-पाच दिवसांत ती जिभेला टोचायला लागते, तिला सात-आठ पुरे. हेफेवाइझेनमध्ये (गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये) मुळातच गॅस जास्त, ती नळातून नुसता फेस ओकते. केळं-लवंगेचा तो वास हवा असेल तर सरळ बाटलीतूनच ओता.

सिलिकॉनची रिंग बसवली आहे, नळ अल्कलाइन पावडरच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवला. बदनाम केलेल्या चारपैकी दोन बिअर पुन्हा आणून चाखल्या. एक उत्तम होती, वहीतला शेरा खोडला. दुसरी खरंच वाईट आहे.