व्हिटबीला बसने जा, परत या वाफेच्या गाडीने: नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वेचं परीक्षण

इंग्लंडच्या ईशान्येला, यॉर्कशायरच्या माळरानातून जाणाऱ्या या वारसा-रेल्वेवर येणाऱ्यांचा नेहमीचा बेत ठरलेला असतो. सकाळी माळाच्या दक्षिणेला असलेल्या पिकरिंग गावी वाफेच्या गाडीत बसायचं, समुद्रकाठच्या व्हिटबीला उतरून दोन-तीन तासांत समुद्र, मठ आणि मासे उरकायचे आणि त्याच गाडीने परतायचं. यात गाडीचा दोष नाही, बेताचा आहे. परतीच्या वाटेवर, जिथे इंजिनाला खरा घाम फुटतो, तिथे डब्यातले अर्धे लोक पेंगत असतात. व्हिटबीची संध्याकाळ तर त्यांना दिसतच नाही. त्यापेक्षा व्हिटबीत दोन रात्री काढाव्यात, जाताना 840 क्रमांकाची कोस्टलायनर बस घ्यावी आणि आगगाडी फक्त परतीला ठेवावी. गाडी दरीच्या तळातून जाते, बस माळाच्या माथ्यावरून. दोन्ही मिळून हा प्रदेश नीट कळतो.

आधी बस. ती लीड्सहून निघते आणि यॉर्क, मॉल्टन, पिकरिंग, गोथलँड असं करत व्हिटबीला पोचते. पिकरिंगला राष्ट्रीय रेल्वेचं स्टेशन नाही, त्यामुळे लंडनकडून आगगाडीने आलात तर यॉर्कला किंवा मॉल्टनला बस पकडावीच लागते. प्रत्येक कोस्टलायनर व्हिटबीला जात नाही. मॉल्टनहून काही स्कारबरोकडे वळतात, तेव्हा पाटीवर 840 आहे ना, हे बघूनच चढा. यॉर्क ते व्हिटबी सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. इंग्लंडमध्ये जानेवारी 2025 पासून एकेरी बसभाड्याला 3 पौंडांची मर्यादा आहे. ती चालू आहे तोवर या पैशांत याहून चांगला प्रवास शोधून सापडायचा नाही.

वरच्या मजल्यावर डावीकडे बसा. पिकरिंग सोडून बस माळावर चढली की रस्त्याला खेटून होल ऑफ हॉरकम नावाचा प्रचंड खोलगट वाडगा उघडतो. डोंगराच्या पोटातून झिरपणाऱ्या झऱ्यांनी कडा पोखरत पोखरत तो केलेला आहे. लगेच पुढे सॉल्टरगेटचं तीव्र वळण येतं, तिथे हातातला कॉफीचा पेला घट्ट धरा. उजवीकडे लांबवर दिसणारा कापलेल्या पिरॅमिडसारखा ठोकळा म्हणजे फायलिंगडेल्सचं क्षेपणास्त्र-इशारा केंद्र. शेवटी स्लाइट्सजवळच्या ब्लू बँकच्या उतारावर समुद्र आणि मठाचे अवशेष समोर येतात. ऑगस्टमध्ये हा सगळा माळ हेदर नावाच्या खुरट्या झुडपाच्या फुलांनी जांभळा असतो; मे महिन्यात त्याच माळाचा रंग करडा-तपकिरी, हे लक्षात ठेवून तारखा ठरवा.

व्हिटबीत बसथांबा आणि रेल्वे स्टेशन शेजारी-शेजारी, बंदराच्या पातळीवर आहेत. राहण्याच्या खोल्या मात्र बहुतेक वेस्ट क्लिफवर, म्हणजे चढावर. (त्या चढावरच्या एका रस्त्याचं नाव खैबर पास आहे, आणि चाकांची जड बॅग ओढताना ते पटतं.) पूर्वेकडचं जुनं गाव जास्त देखणं, पण रस्ते दगडी फरसबंदीचे आणि अरुंद, स्वतःची मोटार असेल तर तिथे राहायला घर घेऊच नका. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी बरेच घरमालक किमान दोन रात्रींचं आरक्षण मागतात. काळ्या पेहरावाच्या गॉथ संगीतप्रेमींचा मेळा, गॉथ वीकेंड, वसंतात आणि शरदात भरतो, तेव्हा काळे झगे घातलेल्यांनी गाव फुलतं आणि खोल्या कित्येक महिने आधी संपतात.

खाण्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्स परंपरेने बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईच्या चरबीत तळतात. नुसत्या बटाट्याच्या चिप्ससुद्धा त्याच कढईतून निघतात. काही दुकानं वनस्पती तेल वापरतात, काही वेगळी कढई ठेवतात. पण फलकावर ते लिहिलेलं असेलच असं नाही. काउंटरवर 'चिप्स कशात तळता?' असं सरळ विचारा. कुणी वाईट वाटून घेत नाही, हा प्रश्न त्यांना रोजचा आहे. चरबी चालत असेल तर कॉड माशाऐवजी हॅडॉक मासा मागवा, इथे पसंती त्यालाच. पुडा घेऊन बंदराच्या कठड्यावर बसू नका: हेरिंग गल नावाचा मोठा समुद्रपक्षी पाठीमागून येतो आणि तुकडा बोटांतून नेतो. पाठ भिंतीला लावून बसलं की त्याला झेप घ्यायला जागा उरत नाही. हेन्रिएटा स्ट्रीटवरचं फॉर्च्यून्सचं माशांना धुरी देण्याचं घर 1872 पासून चालू आहे. तिथला किपर, म्हणजे धुरी दिलेला हेरिंग मासा, नाश्त्याला उत्तम, मात्र भाड्याच्या खोलीत तो शिजवलात तर वास दुसऱ्या दिवशीही जाणार नाही.

जुन्या गावातून कड्यावर चढणाऱ्या 199 पायऱ्या, वरचं चर्च आणि मठ यांवर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, म्हणून इथे आवरतं घेतो. फक्त एवढंच की संध्याकाळी पश्चिम काठावरून मठ बघणं हे तिकीट काढून आत फिरण्याइतकंच मोलाचं आहे.

मधला दिवस चालण्यासाठी ठेवा. 840 ने गोथलँडला जा आणि तिथून रेल ट्रेल नावाच्या पायवाटेने साडेतीन मैल ग्रोमाँटला उतरा. रमतगमत दोन तास. ही वाट म्हणजे 1836 साली सुरू झालेल्या मूळ लोहमार्गाची जागा आहे. आखणी जॉर्ज स्टीफनसनची, डबे ओढायला घोडे आणि बेक होलच्या चढावर दोराने ओढण्याची सोय. 1865 मध्ये वळसा घालून नवा मार्ग काढला आणि दोराचं काम संपलं. वाटेत बेक होलला बर्च हॉल इन नावाचा अगदी चिमुकला पब आहे. ग्रोमाँटच्या तोंडाशी इंजिनांची शेड लागते, तिथे दुरुस्तीचं काम बघता येतं, आणि मग घोड्यांच्या काळातला अरुंद बोगदा पायी पार करून स्टेशनात शिरता. गोथलँडहून मॅल्यन स्पाउट धबधब्यालाही जाता येतं, पण शेवटच्या टप्प्यातले ओढ्यातले दगड बुळबुळीत असतात. साधे स्पोर्ट्स शूज तिथे घसरतात. ग्रोमाँटहून व्हिटबीला नॉर्दर्न या नेहमीच्या रेल्वे कंपनीच्या गाड्या दिवसाकाठी मोजक्याच. आधी त्यांची वेळ बघा आणि त्यावरून चालायला कधी निघायचं ते ठरवा.

या किनाऱ्यावर उन्हाळ्यातही एक घोळ होतो. पूर्वेचा वारा असला की उबदार हवा थंड नॉर्थ सीवरून येताना तिचं दाट धुकं होतं आणि ते गावात घुसतं. स्थानिक लोक त्याला फ्रेट म्हणतात. व्हिटबीत समोरचा धक्का दिसत नसतो, तेव्हा काही मैल आत माळावर लख्ख ऊन असू शकतं. धुकं दिसलं तर माळावरचं चालणं त्याच दिवशी उरका. किनाऱ्याने सँड्सएंडपर्यंतची पायपीट किंवा रॉबिन हूड्स बेची वाळू यासाठी भरतीचं वेळापत्रक पाहूनच निघा आणि ओहोटी चालू असताना सुरुवात करा. उशिरा निघालात तर पाणी आणि कडा यांच्यामध्ये अडकाल. रॉबिन हूड्स बेला X93 बस जाते. ती वरच्या गावात सोडते, खाली समुद्रापर्यंतचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो.

आता मुख्य गोष्ट. पिकरिंग ते ग्रोमाँट हा 18 मैलांचा मार्ग 1965 मध्ये बंद पडला आणि 1973 मध्ये वारसा-रेल्वे म्हणून पुन्हा सुरू झाला. ग्रोमाँट ते व्हिटबी हे पुढचे सहा मैल नेटवर्क रेलचे, म्हणजे देशाच्या सार्वजनिक लोहमार्गांचे आहेत. तो एकेरी मार्ग नॉर्दर्नच्या गाड्यांबरोबर वाटून घ्यावा लागतो, म्हणून व्हिटबीपर्यंत येणाऱ्या वाफेच्या गाड्या थोड्याच. त्यांचं आरक्षण आधी करा आणि वेळापत्रक त्या तारखेचंच बघा. मुख्य हंगाम वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत.

व्हिटबीहून निघताना डावीकडची खिडकी धरा. आधी एस्क नदीचं मुख, डोक्यावरून लारपूलचा विटांचा उंच पूल, पुढे न्यूटनडेलची दरी आणि तिच्या कड्यावरचा पडका स्केल्टन टॉवर, यातलं बहुतेक सगळं त्याच बाजूला येतं. ग्रोमाँट सुटताच बोगदा लागतो. त्याआधी काच वर करा, नाहीतर धूर डब्यात कोंडतो. तिथून गोथलँडपर्यंत 49 ला 1, म्हणजे 49 फुटांमागे एक फूट, असा चढ आहे. इंजिनाजवळच्या डब्यात बसलात तर प्रत्येक फुसकारा वेगळा ऐकू येतो आणि काच उघडी असेल तर टेबलावर काळ्या कणांची चरचरीत पूड साचते. पांढरा शर्ट नको. डोकं बाहेर काढू नका: झाडं जवळ आहेत आणि डोळ्यात कोळशाचा कण गेला की उरलेला प्रवास वाया. उलट दिशेला, उतारावर, इंजिन जवळजवळ गप्प असतं. एकच फेरी घ्यायची तर चढाची घ्या, हा आग्रह त्यासाठीच.

जुन्या डब्यांपैकी काहींच्या दाराला आतून मूठ नसते. गाडी थांबल्यावर काच खाली करून बाहेरची मूठ फिरवायची. पायरी उंच असते. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर कर्मचाऱ्यांना हाक मारा, त्यांतले पुष्कळसे हौसेने काम करणारे स्वयंसेवक असतात आणि मदतीला तत्पर असतात.

मोठी निराशा एकाच कारणाने होते. कोरडा उन्हाळा लांबला की ठिणगीने माळ पेटण्याची भीती असते, तेव्हा वाफेऐवजी डिझेल इंजिन लावतात. निर्णय बरोबरच आहे, पण वाफेसाठीच पैसे मोजणाऱ्याला तो लागतो. महिनाभर पाऊस नसेल तर निघण्यापूर्वी रेल्वेच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचं इंजिन कोणतं ते बघून घ्या.

परतीच्या दिवशी जेवायला पूर्व काठावर गेला असाल तर थोडं आधी उठा. दोन काठ जोडणारा 1908 चा फिरता पूल भरतीच्या सुमारास बोटींसाठी उघडतो, आणि स्टेशन पश्चिम काठावर आहे. व्हिटबीची शेवटची वाफेची गाडी चुकली तर 840 हाच पर्याय, आणि तिच्या शेवटच्या फेरीची वेळ उशिराची नसते. पिकरिंगला उतरल्यावर यॉर्कसाठीही तीच बस लागते; दोन्ही वेळा कागदावर लिहून ठेवा, कारण न्यूटनडेलच्या दरीत फोनला रेंज मिळण्याचा भरवसा नाही.