शेकेरातो की लेच्चेची कॉफी?

इटलीत उन्हाळ्यात प्यायल्या जाणाऱ्या थंड कॉफ्यांपैकी घरी करण्यासारख्या दोनच, असं माझं मत झालंय. एक शेकेरातो. गरम एस्प्रेसो (मशीनच्या दाबानं काढलेली थोडीशी, कडक कॉफी), साखर आणि बर्फ शेकरमध्ये घालून दणदणीत हलवायचं आणि बर्फ गाळून दांडीच्या ग्लासात ओतायचं. दुसरी दक्षिणेतल्या सालेंतो भागातली, लेच्चे शहराच्या नावानं ओळखली जाणारी. ग्लासात बर्फ, गोड बदामाचं दूध आणि वरून एस्प्रेसो. कॉफी गोड करून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवतात असा तिसरा प्रकारही आहे, पण ती दुसऱ्या दिवशी शिळी लागते, म्हणून इथे सोडून देतो. आणि आपल्या आइसक्रीमवाल्या कोल्ड कॉफीची अपेक्षा दोन्हींकडून ठेवू नका.

एस्प्रेसोचं मशीन नसेल तर मोका पॉटवर, म्हणजे गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्यात, दोन्ही होतात. बियालेत्ती या इटालियन कंपनीनं 1933 मध्ये काढलेलं ते अष्टकोनी भांडं अजूनही पुरेसं आहे. फरक एवढाच की मोकाचा दाब एक-दोन बारच्या आसपास असतो, एस्प्रेसोला नऊ लागतात. त्यामुळे मोकाच्या कॉफीवर ती तपकिरी साय धरत नाही. शेकेरातोचं सगळं वैभव फेसात असतं, त्यामुळे तिथे हे जाणवतं. फेस येतो, पण विरळ, आणि पटकन बसतो. लेच्चेच्या कॉफीला सायीशी काही देणंघेणं नाही.

पावडरीबद्दल एकच. चिकोरी मिसळलेली फिल्टर पावडर या दोन्हींत वापरू नये असं मला वाटतं. गरम असताना छान लागते, थंड झाली की कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. डार्क रोस्ट घ्या, त्यात थोडा रोबस्टा (कॉफीच्या बियांची कडक जात) असला तर उत्तम. आपल्या कर्नाटक-केरळचा रोबस्टा इटलीत भरपूर जातो, त्यांच्या एस्प्रेसोच्या दाटपणासाठी आणि सायीसाठी. मग आपणच का कचरायचं?

आता बर्फ. गरम कॉफी गार करायला किती बर्फ वितळतो याचा अंदाज आपण नेहमी कमी धरतो. 50 मिलिलिटर उकळती कॉफी पार थंड करायला जवळजवळ तेवढंच पाणी बर्फातून सुटतं, म्हणजे कॉफी निम्मी पातळ झाली. हे दोन्हींना लागू आहे. शेकेरातोत निदान उरलेला बर्फ गाळून टाकता येतो. लेच्चेच्या ग्लासात तो राहतो आणि वितळत राहतो, पण दाट बदामाचं दूध ते पाणी पोटात घेतं. शेवटचा घोट तिथे फिका लागत नाही, बदामाचा लागतो. फ्रिजच्या छोट्या ट्रेतले क्यूब फार लवकर विरघळतात. वाटीत पाणी गोठवून मोठे खडे फोडले तर बरं पडतं.

पण माझा निकाल लागला तो शेकरच्या झाकणापाशी. गरम कॉफी ओतून झाकण लावलं की आधी आतली हवा फुगते आणि फटीतून थोडी निसटते. मग बर्फानं सगळं गार होतं, हवा आकसते, आणि झाकण असं आत ओढलं जातं की निघता निघत नाही. बाहेरून स्टीलवर दव धरलेलं, बोटं बधिर, हात घसरतोय. फडकं घेऊन पिळा, ओट्याच्या कडेवर टिचकवा, नळाच्या पाण्याखाली धरा. एकदाचं सुटलं की ज्या फेसासाठी एवढी उरस्फोड केली तो अर्धा खाली बसलेला. पाहुणे चार असतील तर हे दोन फेऱ्यांत करावं लागतं, आणि दुसरी फेरी ग्लासात पडेपर्यंत पहिल्या दोघांच्या ग्लासात नुसती काळी थंड कॉफी उरते. प्रोटीन पावडरच्या प्लास्टिक बाटलीत झाकण अडकत नाही हे खरं, पण कॉफीचा वास तिला कायमचा चिकटतो. काचेच्या बरणीत गरम कॉफीवर बर्फ टाकायला माझा जीव धजत नाही. कुणाला चांगला, पटकन उघडणारा शेकर मिळाला असेल तर त्यांचं मत वेगळं असू शकेल, आणि ते रास्तही असेल.

लेच्चेच्या कॉफीत त्रास आहे तो आदल्या दिवशीचा. बाजारातलं डब्यातलं बदाम दूध इथे चालत नाही. ते पातळ आणि बहुधा बिनसाखरेचं असतं. सालेंतो ज्यात येतो त्या पुल्या प्रांतात वापरतात ते चांगलं गोड आणि दाट असतं. मी वाटीभर बदाम रात्रभर भिजवून, सोलून, थोडंसंच पाणी घालून अगदी बारीक वाटतो आणि मलमलच्या फडक्यातून पिळून काढतो. त्यात जवळजवळ बदामाइतकीच साखर. दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये राहतं, त्या दिवसांत कॉफी ग्लासात यायला मोका उकळण्याएवढाच वेळ लागतो. चोथा शिऱ्यात जातो. बदामाचा इसेन्स घालायचाच तर एक थेंब, त्यापुढे नानकटाईच्या भट्टीत बसल्यासारखं वाटतं. बाजारातलं केशर-वेलचीचं बदाम सरबत मात्र घालू नका, वेलची कॉफीवर स्वार होते. आणखी एक, दूध नसल्यानं आमच्या घरात ज्यांना दुधाची कॉफी पचत नाही तेही पितात, आणि उपवासालाही चालते.

साखर कमी करायची असेल तर मात्र शेकेरातोकडेच जावं लागेल. तिथे साखर आपल्या हातात असते, अगदी अर्धा चमचाही पुरतो. लेच्चेच्या कॉफीतून गोडवा काढला तर काहीच उरत नाही. जेवणानंतर दोघांसाठीच करायची असेल, घरात मशीन असेल आणि मनगटात जोर असेल, तर शेकेरातो दिसायलाही देखणी आहे, नाही म्हणणार नाही. एरवी एप्रिल-मे महिन्यांत आमच्या फ्रिजच्या दारात बदामाच्या दुधाची बाटली असते, आणि शेकर माळ्यावर.